करमतं का गं?

माघ लागला तरी थंडी हटायचं नाव घेईना. त्या दिवशी चिंचवस्तीवर अशी धुई उतरली होती की दहा पावलांवरचा माणूस आधी खोकायचा आणि मग दिसायचा. उसाची पाती टपटप गळत होती. कांदेवाले पाठीवर फवारणीचा पंप अडकवून आभाळाला शिव्या घालत बांधाबांधानं फिरत होते, कारण धुई कांद्याला सोसत नाही, पातीवर करपा येतो.

अकिलाला धुईशी देणंघेणं नव्हतं. तिची सकाळ धुईच्याही आधी उठलेली. बंबाला जाळ घातला, भाकरी थापल्या, नवऱ्याचा आणि दिराचा डबा भरला, सासूला बिनसाखरेचा चहा दिला, शेळीपुढं घास टाकला. मग केसांना पाणी लावून विंचरलं, रजिस्टर पिशवीत कोंबलं आणि ती निघाली. अकिला शेख म्हणजे वस्तीची आशाताई. न्हावरे गावाच्या अलीकडं रस्त्याला लागून असलेल्या ह्या दीडशे घरांत कोणाला कितवा महिना लागलाय, कोणाचं पोर सर्दीनं घुरघुरतंय, कोणाचा म्हातारा बीपीची गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकतो, हे सगळं तिच्या तोंडपाठ. वस्तीत म्हणायचेच, देवाच्या नजरेतनं एकवेळ सुटेल, अकिलाच्या सुटत नाही.

पण ह्या महिन्यात तिची पिशवी जरा जड झाली होती. तिच्यात साठ कागद होते आणि साठही कागद खोटं बोलत होते.

झालं होतं असं. मनाच्या आजारांवरचा एक कार्यक्रम तालुक्यात आला. मूळचा लांबचा, कुठल्या कुठल्या देशांत आजमावून पास झालेला. तिकडं म्हणे साध्यासुध्या बाया बाकावर बसून लोकांची दुखणी ऐकतात आणि माणसं बरी होतात. शिरूरला दोन दिवसांचं शिक्षण झालं. ऐकायचं, मधी बोलायचं नाही, उपदेश करायचा नाही. अकिलाला दुसरी गोष्ट अवघड गेली आणि तिसरी त्याहून. मग उपकेंद्रापुढं लिंबाखाली एक पिवळाजर्द लोखंडी बाक आला. तो अकिलाच्याच नवऱ्यानं, अकबरनं, आपल्या वेल्डिंगच्या दुकानात जोडलेला. आणि बाकाच्या मागोमाग आला फॉर्म. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क. बेरीज दहाच्या वर गेली तर त्या माणसाला आठ आठवडे आठ बैठका आणि डॉक्टरची तपासणी.

फॉर्म मराठीतच होता. पण तो कुठल्या मराठीत होता, ते त्यालाच ठाऊक.

"गेल्या दोन आठवड्यांत आपणांस नैराश्य जाणवले आहे काय?" अकिलानं शेजारच्या आक्काबाईला पहिला प्रश्न वाचून दाखवला.

आक्काबाईनं गवऱ्या थापता थापता मान वर केली. "रास व्हय? माझी रास तूळ. पण सरकारला कशाला गं पायजे माझी रास?"

दुसरा प्रश्न ट्रॅक्टरवाल्या बन्सीला विचारला. "आपणांस दैनंदिन कामांत स्वारस्य वाटत नाही काय?"

"रसाचं म्हंता?" बन्सी म्हणाला. "ऊस आजून उभाच हाय ताई. तोडणीची टोळी आल्याबिगर रस कुठनं निघायचा?"

आणि एकाग्रता कमी झाली आहे काय, ह्याच्यावर एका म्हातारीनं डोळ्यांत अभिमान आणून सांगितलं, "न्हाई बाय, आमी समदी एकाच घरात ऱ्हातो. पोरं येगळी न्हाई निघाली."

असे साठ फॉर्म भरले. साठांची बेरीज शून्य. सोपानराव आबांनी बाकाचा ताबा पहिल्याच दिवशी घेतला होता, पेपर वाचायला त्यांना तो बरा पडायचा. त्यांना ही बातमी कळली तेव्हा ते उठून उभेच राहिले. "शून्य? म्हंजी साऱ्या तालुक्यात शहाणी माणसं फकस्त आपल्या वस्तीत! अकिला, फ्लेक्स लावला पायजे."

अकिलाला हसू आलं नाही. कारण दुपारी शिरूरवरून अपेक्षा मॅडमचा फोन आला. ही पुण्याची मुलगी, मानसशास्त्र शिकलेली, तालुक्याचं काम तिच्याकडं. बोलायला गोड, कामाला चोख. "अकिलाताई, तुमच्या वस्तीत गरजच नाही असं दिसतंय. मी गुरुवारी येते. लाभार्थीच नसतील तर कार्यक्रम दुसऱ्या गावाला हलवावा लागेल."

फोन ठेवला आणि अकिलानं कागदांच्या गठ्ठ्यातून एक कागद ओढून काढला. म्हाळसाचा. नऊ प्रश्न, नऊ शून्यं. शाळेत शिक्षा म्हणून काढायला लावल्यासारखी एकाखाली एक.

म्हाळसा म्हणजे ट्रॅक्टरवाल्या बन्सीची बायको. पन्नाशीची, हाडापेरानं मजबूत, कांदा काटणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादमीण. काटणी म्हणजे उपटून सुकवलेल्या कांद्याची पात आणि मुळ्या इळ्यानं कापायच्या. दिवसभर उकिडवं बसून करायचं काम. कंबर मोडते, पण म्हाळसा टोळीत असली की बायकांना कंबर आठवायची नाही, कारण तिचं तोंड चालायचं. आणि त्या तोंडाची खरी करामत म्हणजे नावं ठेवणं. माणूस वस्तीत आला की आठ दिवसांत त्याचं नवं बारसं. सोपानराव आबा म्हणजे आकाशवाणी. अकबर म्हणजे ठिणगी. अकिला दौंडची, रेल्वेत गँगमन असलेल्या बापाची लेक, म्हणून ती इंजिन. ग्रामसेवक म्हणजे अमावस्या, महिन्यातून एकदा येतो म्हणून. आणि ती नावं अशी बसायची की खरं नाव विचारल्यावर माणसं क्षणभर आठवत बसायची.

तर तो पिवळा बाक वस्तीत येऊन महिना झाला आणि म्हाळसानं त्याला नाव ठेवलं नव्हतं. तिथंच अकिलाच्या मनात पाल चुकचुकली.

मग बारकाईनं बघितलं तेव्हा दिसलं की दिवाळीपासून म्हाळसा टोळीत नव्हती. गुडघे धरले म्हणून दोन गाया विकल्या होत्या. एकुलती लेक पिंकी लग्न होऊन गेली होती. त्यानंतर हिचं डोकं दुखायला लागलं. डोक्यात भुंगा फिरतोय म्हणायची, अंगाला मुंग्या, तोंडाला चव नाही. डॉक्टरनं सलाईन लावलं, देवऋष्यानं अंगारा लावला, अकिलानं स्वतः लोहाच्या गोळ्या दिल्या. भुंगा काही बसला नाही. आणि फॉर्म भरायला गेल्यावर म्हाळसा म्हणाली होती, "न्हाई बाय, तसलं काय न्हाई. आपून काय येडं हाय व्हय?"

शून्य.

सोमवारी सकाळी अकिला अंगणात भांडी घासत होती. घरात नवी नवरी होती. धाकट्या दिराचं, सोहेबचं, लग्न होऊन वीस दिवस झालेले. नवरी शायना करमाळ्याची. पोर लाजाळू, दारात बसून लसूण सोलत होती. सासू खाटेवरनं तिच्याकडं बघत होती. म्हातारीनं सहज विचारलं, "जी लगता क्या बेटा, हमारे इधर?"

शायनानं नुसती मान हलवली. तेवढ्यात भिंतीपलीकडून आक्काबाईचं डोकं वर आलं. "काय गं नवरीबाय, करमतंय का?"

शायना लाजली.

"लाजती काय? करमाळ्याची पोर तू, तुला तर करमायलाच पायजे!" आक्काबाई आपल्याच विनोदावर खो खो हसली आणि भिंतीपलीकडं बुडाली.

अकिलाच्या हातातला काथ्या पातेल्यात तसाच राहिला.

अठरा वर्षांमागं तीही अशीच दारात बसली होती. दौंडला इंजिनाच्या धडधडीत, शंटिंगच्या शिट्यांत गाढ झोपणारी पोरगी ह्या वस्तीच्या शांततेला भ्यायली होती. झोप म्हणून यायची नाही. तेव्हा साऱ्या वस्तीनं एकच प्रश्न विचारला होता, करमतं का गं? पिठाच्या गिरणीत, नळावर, बोहारणीनं, दळणवाल्यानं. पण उत्तर ऐकायला थांबली होती ती एकटी म्हाळसा. "न्हाई करमत ना? मला ठावं हाय. चल माझ्याबरूबर रानात. हाताला काम लागलं की जीव बी लागतो." अशी मनगट धरून घेऊन गेली होती. सासू ओरडत राहिली, नवी नवरी रानात कशाला म्हणून. म्हाळसानं ऐकलं नव्हतं.

वर्षभर सगळ्यांनी विचारलं. मग पोर झालं, आणि विचारणं बंद झालं. करमतं का, हे बाईला एकाच वर्षी विचारायचं असतं. पुढं तीस वर्षं, चाळीस वर्षं ती कशी आहे, हे कोणी विचारत नाही. करमलं असेलच, असं धरून चालायचं.

"आन् मी बी तिला कवा इचारलं न्हाई," अकिला मोठ्यानंच बोलली.

"किसको?" सासूनं विचारलं.

अकिला तोवर हात पुसत रस्त्याला लागली होती.

म्हाळसा ओट्यावर बसली होती. समोर सुपात तांदूळ होते, पण सूप हलत नव्हतं. अकिलानं पिशवी दूर ठेवली, कागद बाहेर काढलाच नाही. शेजारी फतकल मारून बसली, सुपातले मूठभर तांदूळ आपल्या पदरात ओढले, खडे वेचायला लागली. आणि मग खालमानेनं विचारलं, "म्हाळसाक्का, करमतं का गं तुला?"

म्हाळसा आधी हसली. "आगं भवाने, मी काय नवी नवरी हाय? तीस सालं झाली ह्या घरात येऊन."

"व्हय. तीस सालं. तवा समद्यांनी इचारलं आसंल. नंतर कुणी इचारलं?"

म्हाळसानं सूप जरा जवळ ओढलं. बोट तांदळात फिरवत राहिली. अकिलाला घाई झाली होती, पण शिरूरचं शिक्षण आठवून तिनं ओठ दातांखाली दाबून धरले. रस्त्यावरनं दुधाची गाडी गेली. मागनं कुत्रं गेलं.

"न्हाई करमत," म्हाळसा म्हणाली. मग जरा मोठ्यानं, जणू स्वतःलाच ऐकू जावं म्हणून, "न्हाई करमत गं अकिला. माझ्याच घरात मला पाव्हणं आल्यागत वाटतंय. सकाळी उठते तवा वाटतं, आज कुठंतरी परत जायचंय. आन् कुठं जायचं त्ये उमगत न्हाई. गोठ्यात जाते तर गोठा रिकामा. पिंकीची कापडं दोरीवर न्हाईत. बन्सी बोलतो, पण त्याचं बोलणं समदं ट्रॅक्टरचं. तीस सालं घर सांभाळलं, आन् आता घरच वळखत न्हाई मला."

मग ती बोलत राहिली. तांदूळ निवडून झाले, अकिलानं ते परत सुपात मिसळले आणि पुन्हा निवडायला घेतले. म्हाळसाच्या ते ध्यानातही आलं नाही. मधूनमधून अकिला फॉर्ममधलंच विचारत होती, पण वस्तीच्या बोलीत. तोंडाला चव लागती का? झोपेत डोळा उघडला की पुन्यांदा मिटतो का? दिवस उगवूच ने आसं वाटतं का? शेवटचा प्रश्न विचारताना तिचा आवाज बारीक झाला. पण तो विचारायचाच असतो, टाळायचा नसतो, हे तिनं शिकून घेतलं होतं. "जिवाचं काय बरंवाईट करावं, आसं येतं का मनात?"

"न्हाई गं," म्हाळसानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तेवढं न्हाई. पिंकीचं बाळतपण कोण करंल मंग?"

अकिलानं सोडलेला श्वास ओट्याखालच्या कोंबडीनंही ऐकला असेल. घरी येऊन तिनं मार्क मांडले. बेरीज चौदा.

लगेच शिरूरला फोन लावला. पलीकडं अपेक्षा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, असं नाही चालत. शब्द बदलले की तो फॉर्मच राहत नाही. इतक्या देशांत तपासलेला आहे तो."

"म्याडम, त्ये देश हितं ऱ्हायला न्हाईत ना."

"मला तुमचं पटत नाही असं नाही. पण मी हे वर काय सांगू? गुरुवारी येतेय. तेव्हा बघू."

आता बघू ह्या शब्दाचा अर्थ सरकारी कामात काय होतो, हे इतक्या वर्षांत अकिलाला कळलं होतं. ती तडक अकबरच्या दुकानात गेली. अकबर एका खिडकीची जाळी कापत होता.

"ओ, शहरातनं तयार चौकट आली आन् गावातल्या भिताडात बसली न्हाई, तर तुमी काय करता?"

"ग्राइंडर मारके बिठाता," अकबर म्हणाला. घरात त्यांचं असंच चालायचं, अर्धं दखनी, अर्धं मराठी.

"भिंत पाडत न्हाई?"

"दिमाग फिरलाय का? चौकट दो हजार की, भिंत अब्बाची." त्यानं डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला. "क्या हुआ?"

"काय न्हाई. ग्राइंडर मारायचाय," असं म्हणून ती निघून गेली. अकबर बराच वेळ आपल्या ग्राइंडरकडं बघत बसला.

गुरुवारी धुई नव्हती. स्वच्छ ऊन पडलं होतं. अकिला सकाळीच म्हाळसाकडं गेली. "म्हाळसाक्का, चल माझ्याबरूबर आक्काबाईच्या रानात. काटणी चाललीय. नुसती बांधावर बस. आज शिरूरची म्याडम येणार हाय, मला भ्या वाटतं."

"तुला आन् भ्या? बीडीओला गप करणारं इंजिन तू."

"आज डबे जास्त हायेत," अकिला म्हणाली.

म्हाळसानं तिच्याकडं बघितलं. इंजिन हे नाव तिच्या तोंडातनं दिवाळीनंतर पहिल्यांदा निघालं होतं, ते तिच्या नाही, पण अकिलाच्या ध्यानात आलं. म्हाळसानं चपला घातल्या.

अपेक्षा मॅडम स्कूटीवरनं आल्या त्या थेट उपकेंद्राजवळ. बाकावर एका टोकाला सोपानराव आबा पेपर वाचत होते. दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी सांडगे वाळत होते.

"इथे लाभार्थी बसत नाहीत?"

"मी बसतो की," आबा म्हणाले.

अकिलानं मॅडमना बाजूला घेतलं. "म्याडम, रस्त्याला त्वांड करून कोण बाई बसंल बाकावर? ही यष्टीची वाट बघतीया का नवऱ्याशी भांडून आलीया, ह्याचीच चर्चा व्हती. बाया कुठं बोलत्यात ते दावते तुमाला. चला."

आक्काबाईच्या रानात कांद्याची लांबलचक ओळ पडली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना बारा-तेरा बाया उकिडव्या बसून इळा चालवत होत्या. कर्र कर्र आवाज, वर बोलण्याचा कल्ला. म्हाळसा बांधावर, गुडघे लांब करून. अपेक्षा मॅडमना भरलेल्या गोणीवर बसवलं. त्यांनी पिशवीतनं फॉर्म काढला, सगळ्यांकडं बघून हसल्या आणि म्हणाल्या, "मी तुमच्याशी थोडं बोलायला आलेय. लाभार्थींची अडचण समजून घ्यायचीय. गेल्या दोन आठवड्यांत आपणांस नैराश्य..."

"माझी तूळ!" आक्काबाई ओरडली.

"माझी कन्या!"

"माझ्या नवऱ्याची वृश्चिक, त्येला न्या!"

रान हसून लोळलं. अपेक्षा मॅडमनी कागदाकडं बघितलं, बायांकडं बघितलं आणि त्याही हसल्या. पण हसू ओठांवरच थांबलं. चोवीस-पंचवीस वर्षांची पोर, नवे बूट मातीनं भरलेले, मोबाईलला रेंज नाही. ती कागद गुंडाळायला लागली.

बांधावरनं म्हाळसा तिच्याकडं बघत होती. केव्हापासून बघत होती, कोणास ठाऊक. "पोरी, कुठं ऱ्हाती गं तू?"

"शिरूरला. खोली घेतलीय."

"एकटीच?"

"हो."

"करमतं का गं तुला हितं?"

"हो, छान आहे की. लोक चांगले आहेत..." वाक्य अर्ध्यात तुटलं. मॅडमनी डोळ्यांना रुमाल लावला. "सॉरी. कांद्यामुळे."

"काटताना डोळ्याला पाणी येत न्हाई बाय," आक्काबाई हळूच म्हणाली. "त्ये चिरताना येतंय."

मग कोणी हसलं नाही. इळ्यांचा आवाज मंद झाला, पण थांबला नाही. बायांना ठाऊक असतं, सगळ्यांनी हात थांबवून तोंडाकडं बघितलं की माणूस बोलायचं बंद होतं. आणि ती पोर बोलायला लागली. संध्याकाळी सहानंतर खोलीत काय करायचं कळत नाही. डब्यात रोज तीच भाजी. आईला फोन केला की आई विचारते जेवलीस का, आणि ती म्हणते जेवले. पाच महिने झाले. दिवसभर लोकांना विचारत फिरते, आणि आज पहिल्यांदाच कोणीतरी तिला विचारलं.

म्हाळसा उठली. गुडघ्यांवर हात टेकत, हळूहळू, पण उठली. ओळीत येऊन बसली, एक इळा आपल्या हातात घेतला, दुसरा पोरीपुढं धरला. "ह्ये धर. हात चालव आन् मंग बोल. नुसतं बसून बोललं की घसा भरून येतो. मुळीकडनं धर. तशी न्हाई! बोट कापशील आन् मला कागदात लिवशील."

"तुमचं नाव काय, मावशी?"

"म्हाळसा. आन् तुजं?"

"अपेक्षा."

"लई मोठं हाय. मघाधरनं लाभार्थी, लाभार्थी करतीस ना? तुजं नाव लाभार्थी."

रान पुन्हा हसून लोळलं. ह्या वेळी लाभार्थीही लोळली. आणि अकिलानं तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. कोणी विचारलं नाही, कांदा चिरतीस का म्हणून.

दुपारपर्यंत लाभार्थीनं सव्वा गोणी कांदा काटला. त्यातला निम्मा आक्काबाईला परत काटावा लागला, पण तिनं ते मॅडम गेल्यावर केलं. आणि त्या ओळीत बसल्या बसल्या म्हाळसाचे नऊच्या नऊ प्रश्न अपेक्षानं स्वतः विचारले, अकिलाच्या शब्दांत. बेरीज पुन्हा चौदा.

पुण्याच्या ऑफिसशी मात्र तिला तीन आठवडे झुंजावं लागलं. ते सगळं फोनवर, स्पीकर लावून, अकिलासमोर चालायचं. "सर, पहिला प्रश्न करमतं का, असाच विचारायचाय." पलीकडनं विचारणा झाली, ह्याचं इंग्रजी काय? तिथं गाडं अडलं. तिनं एक शब्द सुचवला, खोडला, दुसरा सुचवला. शेवटी पलीकडच्या साहेबांनीच सांगितलं, बोअर होणे लिहा.

अकिलाशेजारी आक्काबाई बसली होती. ती फोनकडं वाकून म्हणाली, "सायब, बोअर आमच्या रानात हाय. साडेतीनशे फूट. पाणी न्हाई लागलं."

मग साहेब इतके हसले की फोन खरखरला. इंग्रजीच्या रकान्यात शेवटी मराठीच शब्द गेला, आणि ह्या तालुक्यापुरता नवा फॉर्म वापरून बघायला परवानगी आली. साठ जणांना अकिलानं पुन्हा विचारलं. ह्या वेळी अकरा जण दहाच्या वर निघाले. त्यातले एक सोपानराव आबा. "ह्ये काय बायकांचं इचारणं?" असं म्हणून त्यांनी पेपर उघडला, आणि पेपरामागनं पाऊण तास बोलले. फ्लेक्सचा विषय त्यांनी परत काढला नाही.

म्हाळसाच्या बैठका काटणीच्या रानात, कधी ओट्यावर झाल्या. डॉक्टरांनी तपासलं, गुडघ्याला व्यायाम दिला, झोपेचं विचारलं. बाकी औषध बोलण्याचं. एका वेळी एकच अडचण धरायची आणि तिच्यावर एकच बारीक पाऊल टाकायचं, अशी त्या परदेशी कार्यक्रमाची रीत होती. ती मात्र म्हाळसाला पहिल्याच दिवशी पटली. "ह्ये बरोबर हाय. आख्ख्या रानाकडं बघितलं की काटणी होत न्हाई. फुडचा कांदा बघायचा." अकबरनं उरलेल्या अँगलचं एक बुटकं स्टूल जोडून दिलं, उकिडवं बसायला नको म्हणून. तिसऱ्या आठवड्यात तिनं एक शेळी आणली. पाचव्यात बन्सीला सांगितलं की संध्याकाळी अर्धा तास ट्रॅक्टर सोडून दुसरं काहीही बोलायचं. बन्सी पहिले दोन दिवस गप्पच बसला, तिसऱ्या दिवशी त्याला शेळीचा विषय सापडला. सगळे दिवस चांगले गेले असं नाही. सहाव्या आठवड्यात ती दोन दिवस पांघरुणातनं उठली नाही, अकिला उशाशी नुसती बसून राहिली. पण तिसऱ्या दिवशी उठली.

चैत्रात उन्हाळी कांदा निघाला. सकाळी सात वाजता टोळीचा टेम्पो चिंचेखाली उभा होता आणि म्हाळसा मागच्या फळकुटाला धरून एकेका बाईच्या नावानं ओरडत होती. अकिला तिच्या शेवटच्या बैठकीचा कागद घेऊन गेली.

"आक्का, आठवी बैठक ऱ्हायलीय. दहा मिन्टं बस."

"दहा मिन्टं? सत्तर गोणी पडल्यात रानात! आन् पिंकी येणार हाय दुपारी, पाचवा लागलाय तिला, तिच्यासाठी घारगं करायचंत." म्हाळसानं स्टूल टेम्पोत फेकलं आणि पाठोपाठ स्वतः चढली. "कागदावर लिव, सापडली न्हाई म्हणून. आन् सर बाजूला, डायव्हरला दिसत न्हाई."

"असं कसं लिवू? कायतरी सांग की."

म्हाळसानं क्षणभर तिच्याकडं बघितलं. उन्हात डोळे बारीक करून, तोंड भरून हसली. "उद्या ये. च्या पिऊ, मंग सांगते. समदं सांगते." टेम्पो धूळ उडवत न्हावऱ्याच्या दिशेनं गेला. धुळीतनं बायांचं हसणं येत राहिलं. कोणाचं तरी नवं नाव पडलं असावं.

अकिलानं तारखेपुढं 'उद्या' असं लिहिलं आणि कागद पिशवीत घातला. मग पिशवीतनं काटा काढला, चिंचेच्या खालच्या फांदीला दोर टाकून अडकवला, झोळीची गाठ दोनदा ओढून बघितली. आज बुधवार, पोरांची वजनं करायचा दिवस. बाया कडेवर पोरं घेऊन यायला लागल्या होत्या. पहिलंच पोर झोळीत ठेवलं आणि त्यानं असा भोंगा लावला की बाकाकडनं आबा ओरडले, "आगं, मोजतीस का मारतीस?"

"सा किलो दोनशे," अकिला म्हणाली. "पुढचं आना."